‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

जून-जुलैची सुट्टी संपवून मंडळी भारतातून परत येतात, दीड महिना बंद असलेलं घर उघडतात, एसी लावतात आणि कधीतरी त्याच संध्याकाळी संगणकाचं बटण दाबतात. काहींचा संगणक सुरू होतो. काहींचा पंखा अर्धा सेकंद फिरून थांबतो. काहींच्या पडद्यावर काहीच येत नाही. मग तो दुकानात जातो आणि दोन दिवसांनी निदान येतं: मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.

मस्कतमध्ये, त्यातही आमच्या अल हैलसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात, हे वाक्य फार ऐकू येतं. पण ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान नव्हे. डॉक्टरांनी ‘पेशंटची तब्येत बिघडली आहे’ एवढंच सांगावं, तसं ते आहे. मदरबोर्ड ही एक वस्तू नाही. त्या पाटीवर शेकडो सुटे भाग बसवलेले असतात आणि प्रत्येकाची खराब होण्याची पद्धत वेगळी असते. कोणी उष्णतेने सुकतं, कोणी खाऱ्या दमटपणाने गंजतं, कुणाला तडा जातो. यातला नेमका कोणता भाग गेला हे बहुतेक वेळा मोजून सांगता येतं, आणि कितीतरी वेळा तो भाग काही बैसांचा निघतो.

हे कसं शोधतात, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र काय आहे, ते या लेखात पाहू.

अल हैलची हवा

अल हैल हा मस्कतच्या सीब विलायतमधला भाग. अल हैल नॉर्थ तर समुद्राला लागूनच. इथल्या उन्हाळ्याचा अंदाज यायला एक नोंद पुरे: जून २०१८ मध्ये मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरियात या किनाऱ्यावरच्या गावात चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश सेल्सिअस होतं. म्हणजे रात्रीसुद्धा पारा त्याखाली आला नाही. असे दिवस विरळा, पण त्यावरून दिशा कळते.

संगणकाच्या दृष्टीने मात्र उष्णतेइतकाच महत्त्वाचा आहे दमटपणा. उन्हाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर पडलं की चष्मा पांढराफटक होतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं ते तापमान, किनाऱ्यावर २७-२८ अंशांच्या वर सहज जातं. खोली २३ अंशांवर ठेवली तर चष्म्याची काचही २३ अंशांवर. ती बाहेर आली की तिच्यावर दव पडणारच. आता चष्म्याच्या जागी संगणकाची पाटी आहे अशी कल्पना करा. धूळ झटकायला म्हणून थंड खोलीतला संगणक थेट बाल्कनीत नेला, तर त्या पाटीवरही असंच दव पडतं. फरक एवढाच की ते आपल्याला दिसत नाही.

त्यात भर पडते मिठाची. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते धुळीबरोबर पंख्यातून आत जाऊन पाटीवर बसतात. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच हे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला ओले होतात. असा ओला खारा थर हा विजेचा वाहक. जिथे दोन तांब्याच्या वाटांमध्ये मिलिमीटरभरही अंतर नाही, तिथे तो चोरवाट तयार करतो आणि हळूहळू धातूही खातो.

घर बंद, एसी बंद आणि दीड महिना आत कोंडलेली दमट हवा. सुट्टीनंतर संगणक न उठण्यामागे हे एक कारण असतं. दुसरं कारण अधिक जुनं आणि अधिक रंजक आहे. ते समजून घ्यायला पाटीवरचा वीजपुरवठा पाहावा लागेल.

गच्चीवरची टाकी

भिंतीतून येणारी २४० व्होल्टची वीज संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश वीजप्रवाहात बदलते. पण प्रोसेसरला यातलं काहीच चालत नाही. त्याला साधारण १ व्होल्ट हवा असतो, आणि प्रवाह मात्र प्रचंड. १०० वॅट खाणारा प्रोसेसर १ व्होल्टला १०० अँपिअर ओढतो. घरातल्या एसीच्या तारेतूनही एवढा प्रवाह जात नाही.

हा बदल मदरबोर्डवर, प्रोसेसरला खेटून होतो. तिथे मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच १२ व्होल्टचा पुरवठा सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करतात. थोडा वेळ चालू, जास्त वेळ बंद, सरासरी १ व्होल्ट. पण प्रोसेसरला असे धक्के नकोत, संथ धार हवी. ते काम तारेची वेटोळी आणि कपॅसिटर मिळून करतात.

इथे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. खालचा पंप चालू-बंद होत राहतो, पण नळाला पाणी सारखं येतं, कारण मध्ये टाकी आहे. कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराची टाकी. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की पहिला घोट या टाकीतून जातो.

आता असं समजा की टाकी भरलेली आहे, पण तिच्या खालच्या पाइपात क्षार साचलेत. पाणी आहे, पण हवं तेव्हा हवं तेवढं बाहेर येत नाही. कपॅसिटरमधल्या या अडथळ्याला ‘इक्विव्हॅलंट सीरिज रेझिस्टन्स’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘अंतर्गत रोध’ म्हणू. तो वाढला की प्रोसेसरचा व्होल्टेज अचानक मागणीच्या क्षणी खचतो आणि संगणक अडखळतो, स्वतःहून पुन्हा सुरू होतो किंवा सुरूच होत नाही.

आंबवण आणि अऱ्हेनिअस

हा अंतर्गत रोध का वाढतो? जुन्या मदरबोर्डवरचे उभे, डबीसारखे कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांची गुंडाळी. मध्ये कागद असतो आणि तो कागद एका वाहक द्रवात, इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला असतो. एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो. तो दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. विद्युतभार साठतो तो या थराच्या जोरावर. आणि हा थर कुठे विरला तर तो पुन्हा भरून काढायचं काम इलेक्ट्रोलाइट करतो.

डबीच्या तळाशी रबराचं बूच असतं. त्यातून वर्षानुवर्षं हा द्रव थोडा थोडा उडून जातो. गुंडाळी सुकते, साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. कुठलीही चूक न होता, कुठलाही दोष नसताना, हा भाग म्हातारा होतोच.

किती वेगाने, ते तापमान ठरवतं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्याची ढोबळ घरगुती आवृत्ती आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: जे इडलीचं पीठ पुण्याच्या डिसेंबरात रात्रभर ठेवूनही फुगत नाही, ते मस्कतच्या मे महिन्यात दुपारपर्यंत भांड्याबाहेर येतं. कपॅसिटर बनवणारे याचा एक सोपा नियम वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं.

हिशेब करून पाहू. डबीवर ‘१०५ अंश’ छापलेलं असतं आणि तिच्या माहितीपत्रकात, समजा, २००० तास दिलेले असतात. याचा अर्थ १०५ अंशांवर ती २००० तास टिकेल. पेटीच्या आत तिचं तापमान ५५ अंश असेल तर फरक ५० अंशांचा, म्हणजे पाच वेळा दुप्पट. २००० गुणिले ३२ बरोबर ६४,००० तास. अखंड चालू ठेवला तर सव्वासात वर्षं. आता खोलीत एसी नाही, पंखा धुळीने बुजलेला आहे आणि तीच डबी ६५ अंशांवर आहे. मग ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. तोच संगणक, तेच काम, फक्त १० अंश जास्त, आणि आयुष्य अर्धं.

हा नियम ढोबळ आहे. पण ‘गल्फमध्ये वस्तू लवकर खराब होतात’ या तक्रारीमागचं बरंचसं विज्ञान त्यात सामावलेलं आहे.

कपॅसिटरची साथ

कधीकधी मात्र म्हातारपण येण्याआधीच मरण येतं. या शतकाच्या सुरुवातीला जगभरातल्या संगणकांमध्ये अशी एक साथच आली होती. वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगत, फुटत आणि त्यातून तपकिरी चिकट द्रव बाहेर येई. २००२-०३ मध्ये याचा बोभाटा झाला. इतिहासात ही घटना ‘कपॅसिटर प्लेग’ म्हणून ओळखली जाते.

मूळ कारण रासायनिक होतं. त्या काळात अंतर्गत रोध कमी ठेवण्यासाठी पाण्याचं प्रमाण जास्त असलेले इलेक्ट्रोलाइट वापरात आले. ते स्वस्तही पडत. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं. त्या क्रियेत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हे रोखायला इलेक्ट्रोलाइटमध्ये गंजरोधक रसायनं घालावी लागतात. तैवानमधल्या काही उत्पादकांच्या मालात ती नव्हती किंवा अपुरी होती. डबीत हायड्रोजन साठला, दाब वाढला आणि झाकणं फुगली. एका जपानी कंपनीचं सूत्र हातोहात चोरीला गेलं आणि चोरताना त्यातले गंजरोधक घटक राहून गेले, अशी एक कथा त्या वेळी छापून आली. ती कोर्टात सिद्ध झाली नाही, पण अर्धवट नकलेचं उदाहरण म्हणून अजून सांगितली जाते.

नुकसान मात्र खरं होतं. डेल कंपनीने २००५ मध्ये अशा संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. मे २००३ ते जुलै २००५ या काळात त्यांनी पाठवलेले सुमारे १ कोटी १८ लाख संगणक या जोखमीत होते, असं नंतर न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आलं.

या साथीने एक उपयोगी गोष्ट मात्र सर्वांना शिकवली: कपॅसिटरच्या झाकणाकडे बघायला. डबीच्या माथ्यावर फुलीसारख्या किंवा इंग्रजी ‘के’ अक्षरासारख्या खाचा असतात त्या शोभेसाठी नाहीत. आतला दाब वाढला तर डबीचा स्फोट होऊ नये, तिने त्या खाचांवर शांतपणे उघडावं म्हणून त्या केलेल्या असतात. निरोगी डबीचा माथा सपाट असतो. जरासा फुगवटा दिसला तरी ती डबी गेली समजा.

एका प्रयोगशाळेतला संगणक

आता निदान प्रत्यक्षात कसं करतात ते एका उदाहरणातून पाहू. माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारं एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. यंत्र उत्तम चालतं. पण ते चालवणारा संगणक २००७ च्या आसपासचा. यंत्राची तार ज्या कार्डाला जोडलेली आहे ते पीसीआय या जुन्या खाचेत बसतं, आणि ती खाच आजच्या मदरबोर्डवर सहसा नसतेच. सॉफ्टवेअरही विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही. म्हणजे संगणक गेला तर धडधाकट यंत्रही गेलं. विक्रेत्याने पूर्ण नवीन संचाची किंमत सांगितली होती, आणि एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची शेवटची चाळीस मोजमापं बाकी होती.

लक्षण असं: शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी सकाळी बटण दाबलं की पंखा फिरून थांबे. पाच-सहा वेळा प्रयत्न केला की संगणक सुरू होई आणि मग दिवसभर नीट चाले. पुढे पाच-सहाचे पंधरा-वीस प्रयत्न झाले. शेवटी तो उठेचना.

हे लक्षण फार बोलकं आहे. ‘थंड असताना अडतो, गरम झाला की चालतो’ हे सुकलेल्या इलेक्ट्रोलाइटचं वैशिष्ट्य. द्रव गरम झाला की पातळ होतो, त्यातले आयन सहज हलतात आणि अंतर्गत रोध तात्पुरता कमी होतो. उलट ‘थंड असताना चालतो, गरम झाला की बंद पडतो’ असं असेल तर संशय पंख्यावर, प्रोसेसरवरच्या सुकलेल्या पेस्टवर किंवा तडा गेलेल्या सांध्यावर घ्यावा. दुकानात जाण्याआधी एवढी नोंद जरी आपण केली तरी निम्मं निदान होतं.

पण लक्षणावर विसंबून थेट झाळायला बसायचं नसतं. क्रम ठरलेला असतो: स्वस्त आणि सोप्या शक्यता आधी बाद करायच्या.

पहिलं काम म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिची हुबेहूब प्रत घेणं. पाटी बदलता येते, डेटा येत नाही.

दुसरी तपासणी पॉवर सप्लायची. मल्टिमीटर घेऊन मोजलं. प्लग लावताच, बटण न दाबताही, जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट यायला हवेत. ते ५.०६ होते. संगणक सुरू करायचा प्रयत्न केल्यावर पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत, आणि पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. तिथे ११.९ होते. खात्रीसाठी दुसरा चांगला सप्लाय लावून पाहिला, तरी लक्षण तेच. सप्लाय निर्दोष. (एक इशारा: पॉवर सप्लायचं खोकं स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहू शकतो.)

तिसरी, पाटीवरची नाण्याएवढी बॅटरी. ती नवी असताना ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते. इथे २.९ होते, चालण्यासारखे. ही बॅटरी उतरली की घड्याळ आणि सेटिंग विसरलं जातं, आणि काही पाट्या तर सुरूच होत नाहीत. दीड महिना भिंतीवरचं बटण बंद ठेवून आल्यावर आधी हिच्याकडे पाहावं.

चौथी, कमीत कमी भागांनिशी चाचणी. सगळी कार्डं, डिस्क आणि जोडण्या काढल्या. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवले. किनाऱ्यावरच्या घरांत काही ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच जिवंत होतात, कारण त्या दातांवर खारा थर बसलेला असतो. हा झाला नाही.

पाचवी तपासणी डोळ्यांनी. टॉर्च तिरपी धरून पाटीवर प्रकाश टाकला. प्रोसेसरशेजारी आठ कपॅसिटर ओळीने उभे होते. त्यातल्या तिघांचे माथे किंचित फुगीर. सरळ वरून पाहिलं असतं तर कळलं नसतं, तिरप्या प्रकाशात सावली पडली म्हणून दिसलं.

सहावी, मोजणी. साधा मल्टिमीटर अंतर्गत रोध सांगू शकत नाही, कारण तो एकदिश प्रवाहाने मोजतो आणि कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो. त्यासाठी वेगळा मीटर मिळतो, जो सेकंदाला साधारण एक लाख वेळा दिशा बदलणारा छोटासा प्रवाह सोडून मोजतो. पाटीवर असताना शेजारचे चांगले कपॅसिटर आजाऱ्याला झाकून घेतात, म्हणून ते काढून मोजले. नव्या कपॅसिटरचा रोध होता ०.०२ ओहम. फुगलेल्या तिघांचा १ ओहमच्या वर, म्हणजे पन्नास पटीहून जास्त. गंमत अशी की ज्यांचे माथे सपाट होते त्या पाचांपैकी दोघांचाही रोध नव्यापेक्षा कितीतरी वाढलेला निघाला. डोळ्यांनी दिसतं ते पुरेसं नसतं, ते असं.

झाळकाम

एकाच ठिकाणी, एकाच उष्णतेत, तितकीच वर्षं उभे असलेले आठ भाऊ. तिघे गेले तर बाकीचे पाच रांगेत आहेत असंच समजायचं. म्हणून आठही बदलले.

बदलीचा कपॅसिटर निवडताना पाच गोष्टी पाहतात. साठवणक्षमता मूळ भागाएवढी, इथे १५०० मायक्रोफॅरड. व्होल्टेज मूळ किंवा त्याहून जास्त, कमी कधीच नाही; इथे ६.३ व्होल्ट. तापमान १०५ अंशांचं. अंतर्गत रोध कमी असलेली, खास याच कामासाठी बनवलेली मालिका. आणि व्यास, नाहीतर शेजाऱ्यांत मावणार नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांच्याशी आपलं जुनं नातं असलं, तरी या भागांच्या बाबतीत अधिकृत वितरकाकडून घेतलेला माल बरा. जुन्या किंवा हलक्या डब्यांवर नामांकित कंपनीचं वेष्टन चढवून विकण्याचे प्रकार जगभर चालतात, आणि बाहेरून ते ओळखता येत नाहीत.

झाळणं, म्हणजे सोल्डरिंग, इथे रेडिओपेक्षा अवघड असतं. मदरबोर्डच्या पोटात तांब्याचे सलग थर असतात आणि ते इस्त्रीची उष्णता क्षणात पसरवून टाकतात. त्यामुळे २५ वॅटची बारीक इस्त्री पायाजवळचं सोल्डर वितळवूच शकत नाही. तिथे ६० वॅट किंवा जास्त ताकदीची, जाड टोकाची इस्त्री लागते. शिवाय २००६ नंतर युरोपीय नियमांमुळे बहुतेक पाट्यांवर शिसंविरहित सोल्डर आलं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. जुनं कथिल-शिशाचं मिश्रण १८३ अंशांना वितळतं. म्हणून आधी त्या सांध्यावर थोडं शिसंयुक्त सोल्डर घालतात. दोन्ही मिसळली की वितळणबिंदू खाली येतो आणि पाय अलगद सुटतो. जोर लावून ओढला तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर उपटून येतं आणि मग खरोखरच मदरबोर्ड जातो.

ध्रुव उलटा होऊ नये म्हणून काढण्याआधी प्रत्येक डबीचा फोटो घेतला. डबीवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. पाटीवरच्या खुणा मात्र सगळ्या कंपन्यांच्या सारख्या नसतात, म्हणून छापील खुणेपेक्षा फोटोवर विश्वास ठेवावा. शेवटी फ्लक्सचा चिकटा अल्कोहोलने धुऊन पाटी वाळवली. तो तसाच ठेवला तर इथल्या दमट हवेत तोही चोरवाट बनू शकतो.

बटण दाबलं. पहिल्या प्रयत्नात सुरू झाला. रात्रभर रॅमची चाचणी चालवली, एकही चूक आली नाही. मग यंत्र जोडलं आणि त्या आठवड्यात चाळीस नमुने मोजून झाले. आठ कपॅसिटरची किंमत एका जेवणापेक्षा कमी होती. प्रयोगशाळेने मात्र दुरुस्तीवर न थांबता त्याच जातीची एक वापरलेली पाटीही मिळवून कपाटात ठेवली. कारण प्रोसेसरजवळचे कपॅसिटर नवे झाले तरी बाकी पाटीचं वय तेच आहे.

नव्या पाट्यांचं काय?

साथीनंतर उत्पादक शहाणे झाले. आजच्या मदरबोर्डवर बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांच्यात सुकायला द्रवच नाही, म्हणून त्यांचे माथे फुगत नाहीत आणि तापमान उतरल्यावर त्यांचं आयुष्य जुन्या डब्यांपेक्षा खूप जास्त वेगाने वाढतं. पॉवर सप्लायमध्ये मात्र द्रववाले कपॅसिटर आजही आहेत. म्हणूनच आज न उठणाऱ्या संगणकात पहिला संशय सप्लायवर घ्यावा.

नव्या पाट्यांचे आजार वेगळे. तिथे तांदळाच्या दाण्याहून लहान असे सिरॅमिक कपॅसिटर शेकड्यांनी असतात. पाटी वाकली की त्यातल्या एखाद्याला तडा जातो आणि तो आतून शॉर्ट होतो. लॅपटॉपमध्ये हे फार घडतं. शेकड्यांतून तो एक शोधायची युक्ती साधी आहे: बिघडलेल्या वाटेवर मर्यादित प्रवाह आणि कमी दाब सोडायचा. सगळा प्रवाह शॉर्ट झालेल्या भागातून जातो आणि तो भाग तापतो. थर्मल कॅमेरा असेल तर तो चमकतो. नसेल तर पाटीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यायचा. जिथे तो सर्वांत आधी वाळतो, तिथे चोर आहे.

सगळंच दुरुस्त होत नाही, हेही सांगायला हवं. पाटीच्या पोटातल्या थरांपर्यंत गंज गेला असेल किंवा मुख्य चिपच आतून गेली असेल तर तिथे थांबावं. बंद पडलेली पाटी ओव्हनमध्ये भाजली की सुरू होते, असे व्हिडिओ दिसतात. काही वेळा ती खरंच काही दिवस चालते. पण उष्णतेने चिपच्या आतले तुटके सांधे तात्पुरते टेकतात एवढंच, तो इलाज नव्हे. शिवाय ज्यात आपण नानकटाई करतो त्या ओव्हनमध्ये फ्लक्सची वाफ सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

सुट्टीला जाण्याआधी, आणि दुकानात गेल्यावर

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी काही साध्या सवयी. सुट्टीला जाताना संगणक भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. नुसता शटडाउन केला तर सप्लायचा एक भाग दीड महिना चोवीस तास जागा राहतो आणि त्या तापलेल्या खोलीत म्हातारा होत राहतो. परत आल्यावर आधी एसी लावा, दोन-तीन तास हवा कोरडी होऊ द्या, मग बटण दाबा. धूळ काढायची तर खोलीतच काढा. बाहेर न्यायचाच असेल तर संगणक बाहेरच्या हवेइतका गरम होऊन पूर्ण वाळेपर्यंत प्लग लावू नका. आणि वर्षातून एकदा झाकण काढून टॉर्च तिरपी धरून बघा.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला, आणि त्यातला केवळ २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा झाला व पुनर्वापरात गेला. त्या ढिगात किती पाट्या केवळ सुकलेल्या डब्यांमुळे किंवा दातांवरच्या मिठामुळे गेल्या असतील, हे कोणी मोजलेलं नाही. पण तुमची पाटी तिथे जाण्याआधी मोजता येते. सगळ्यांनी हातात इस्त्री घ्यावी असं माझं म्हणणं नाही. रुवीत, सीबमध्ये आणि भारतातल्या प्रत्येक शहरात हे काम चोख करणारे कारागीर आहेत. तुमच्याकडून त्यांना हवं असतं ते चांगलं वर्णन: थंड असताना अडतो की गरम झाल्यावर, पंखा फिरतो का, किती प्रयत्नांत उठतो, बंद किती दिवस होता.

आणि ‘मदरबोर्ड गेला’ असं कोणी म्हणालं, तर पैसे काढण्याआधी दोन प्रश्न विचारा. नेमका कोणता भाग गेला? आणि तो मोजला का? चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात.